घामाचा थेंब

एकाद्या गोष्टीविषयीं आपलें मत अगोदर तयार असावें आणि मग ती गोष्ट पाहण्याचा प्रसंग यावा, ह्यासारखी दुसरी अडचण नाहीं. असलें मत बनविण्यास श्रम पडलेले नसतात. तरी तें सोडतांना मात्र गांठची ठेव गेल्यासारखें वाटतें. कार्टून नांवाच्या वस्तूविषयीं आमचें मत असेंच फार दिवसांचें व फार स्वस्तांत मिळालेलें होतें. ज्या घरांत गोष्ट सांगणारी आजी उरली नाहीं त्या घरांत मुलांना गप्प बसविण्यासाठीं तिच्या जागीं आणून ठेवलेलें तें एक यंत्र आहे, एवढेंच आम्ही त्याविषयीं जाणत होतों. आणि जितकें थोडें जाणावें तितकें ठासून बोलतां येतें, हा अनुभव वाचकांनाही असेलच.

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आमची तेरा वर्षांची पुतणी महिनाभर आमच्याकडे पुण्यास राहावयास आली, आणि ह्या मताची परीक्षा होण्याची वेळ आली. धाकट्या बंधूंची त्याच सालीं नाशिकहून नागपुरास बदली झालेली. गांव बदललें, शाळा बदलली, आणि घर डोक्यावर घेणारी मुलगी एकाएकीं अबोल झाली. आंबे झाले, पत्ते झाले, पर्वती झाली. कशानेंही तिची कळी खुलेना. दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं ती आपला लॅपटॉप घेऊन माजघरांत बसे व 'टीन टायटन्स' नांवाची एक अमेरिकन चित्रमालिका पाहत राही. आम्हीं दोन दिवस आमची नापसंती मुद्रेनें व तिसऱ्या दिवशीं वाणीनें व्यक्त केली. तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहितांना मी तुम्हांला कधीं पाहिलें नाहीं. मग हें न पाहतांच कसें बोलतां?" वस्तुतः न वाचलेल्या पुस्तकांवरही आम्हीं अभिप्राय लिहिलेले आहेत, परंतु ती गोष्ट त्यांना ठाऊक नसल्यामुळें त्यांच्या बोलण्याचा मान राखणें भाग होतें. आम्ही खुर्ची ओढून पुतणीच्या मागें बसलों.

ज्यांच्या घरांत ह्या वयाचीं मुलें वाढलीं आहेत त्यांना मालिकेचें नांव ठाऊक असेल. इतरांसाठीं थोडी हकीकत सांगतों. 2003 च्या जुलैंत कार्टून नेटवर्कवर ती सुरू झाली व 2006 च्या जानेवारींत संपली. पांच पर्वें, प्रत्येक पर्वांत तेरा भाग, एकूण पासष्ट. तिचें मूळ डीसी कॉमिक्स ह्या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांत आहे. तरुण सुपरहीरोंची ही टोळी तेथें 1964 सालीं प्रथम जमली, आणि 1980 सालीं मार्व्ह वुल्फमन ह्या लेखकानें व जॉर्ज पेरेझ ह्या चित्रकारानें तिला नवें रूप दिलें. मालिकेंतील पांच नायक त्या नव्या रूपांतूनच आले आहेत. बॅटमॅनचा शिष्य रॉबिन हा पुढारी. स्टारफायर ही दुसऱ्या ग्रहावरची राजकन्या. सायबोर्गचें अर्धें शरीर यंत्राचें. बीस्ट बॉय हवा तो प्राणी होतो. आणि रेव्हन ही एका राक्षसाची कन्या असून तिनें आपल्या भावनांना आवर घातला नाहीं तर भोंवतालच्या वस्तु फुटूं लागतात. इंग्रजी टी ह्या अक्षराच्या आकाराच्या एका मनोऱ्यांत हीं पांच मुलें एकटींच राहतात. घरांत आई नाहीं, बाप नाहीं, शाळा तर नाहींच नाहीं. ज्या बॅटमॅनच्या हाताखालीं रॉबिन शिकला त्याचें नांवदेखील जवळजवळ निघत नाहीं. तेरा वर्षांच्या माणसाला ह्याहून रम्य असा स्वर्ग कोणता?

पहिल्याच दिवशीं ज्या गोष्टीनें आमचा विरस झाला ती म्हणजे घामाचा थेंब. रॉबिन मोठ्या गंभीर मुद्रेनें उभा आहे, पाठीमागें संध्याकाळचें लालभडक आकाश आहे, आतां कांहीं भारदस्त बोलणार असें वाटतें. इतक्यांत कोणी तरी भलतेंच बोलून त्याची फजिती करतो, आणि पाहतों तों त्याचें धड वीतभर, डोकें घागरीएवढें, डोळे दोन टिंबांएवढे, व कपाळाच्या बाजूला लिंबाएवढा निळा थेंब लोंबत आहे! क्षणभरानें पुन्हां सर्व पूर्ववत्. ह्याच मालिकेचे सूत्रधार ग्लेन मुराकामी ह्यांनीं पूर्वीं 1992 सालीं सुरू झालेल्या बॅटमॅनच्या चित्रमालिकेवर काम केलें होतें. ती मालिका अशी काळोखी व भारदस्त कीं तिच्यांतील पार्श्वभूमीचीं चित्रें काळ्या कागदावर रंगविलेलीं. त्या परंपरेंतल्या माणसानें हे पोरखेळ कां करावे?

पुतणीनें मान न वळवितां सांगितलें कीं, ही जपानी ॲनिमेची रीत आहे. पात्र ओशाळलें कीं थेंब, रागावलें कीं कपाळावर शीर, प्रेमांत पडलें कीं डोळ्यांच्या जागीं बदाम. शीर्षकगीत म्हणणाऱ्या दोघी गायिका, आमी आणि युमी, ह्याही जपानी. तें गाणें इंग्रजींत लागलें तर भाग गंभीर समजावा, जपानींत लागलें तर आज नुसता धुडगूस आहे असें समजावें. इतकें बोलणें तिनें आठवड्यांत केलें नव्हतें. सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतून आमच्याकडे पाहिलें.

उसनवारीविषयीं आमचें मन प्रथमपासून कलुषित होतें. स्वतःची वहिवाट सोडून दुसऱ्याच्या घरचीं भांडीं कां आणावीं? परंतु ह्या भांड्यांचा इतिहास पाहिला तेव्हां आम्हांला जरा सबूर करावें लागलें. ओसामु तेझुका ह्यांचा पोलादी बालवीर 'अतोम' 1963 च्या पहिल्या जानेवारीस जपानी दूरचित्रवाणीवर अवतरला. दर आठवड्यास अर्ध्या तासाचा भाग काढावयाचा, आणि पैसा व माणसें थोडीं. म्हणून त्यांनीं चित्रांची संख्या कमी केली. देह स्थिर ठेवून तोंड तेवढें हलवावें, धांवण्याऐवजीं मागें रेघा ओढाव्या, अशा काटकसरीनें तें काम निभावलें, आणि त्या काटकसरीचीच पुढें शैली झाली. ज्या मोठ्या डोळ्यांना आपण आज जपानी म्हणतों ते स्वतः तेझुकांनीं अमेरिकेच्या डिस्नेच्या चित्रपटांवरून उचललेले होते! म्हणजे नाणें अमेरिकेंतलें, तें जपानांत जाऊन घांसून आलें, आणि चाळीस वर्षांनीं अमेरिकेनें तें परकें म्हणून कौतुकानें हातांत घेतलें. ह्यांत चोर कोण व साव कोण हें ठरविणें कठीण. आपल्याकडे दूरदर्शनवर मोगलीची जी मालिका मुलांनीं डोक्यावर घेतली तीही 1989 ची जपानी मालिकाच होती. मूळ कथा इंग्रजाची, रान मध्यप्रदेशांतलें. त्या वेळीं आम्हीं कोणाची उसनवारी काढली होती?

गंभीर प्रसंगांत मध्येंच हंसविण्याचा आक्षेप तर आम्हांला मुळींच शोभणारा नव्हता. ज्या संगीत रंगभूमीचें नांव घेतांच आमचा गळा दाटतो तिच्यावर मरणोन्मुख पात्रही 'वन्स मोर' मिळतांच उठून पद पुन्हां म्हणत असे, आणि मग नव्यानें मरत असे. प्रेक्षक दोन्ही वेळां तितक्याच मनापासून रडत. करारच तसा असतो. लाल आकाश खरें मानावयाचें व लिंबाएवढा थेंबही खरा मानावयाचा, असा करार ह्या मालिकेनें आपल्या प्रेक्षकांशीं केला आहे. तो ज्याला मान्य नाहीं त्यानें तिकीट काढूं नये.

हा करार मान्य केल्यावर तिच्यांतील बळ आम्हांला दिसूं लागलें. बाहेरचा शत्रु हें येथें बहुधा निमित्त असतें. खरी चकमक त्या पांच जणांच्या आंतच चालते. स्लेड नांवाच्या मुखवटाधारी शत्रूला पकडण्यासाठीं रॉबिन स्वतः चोराचा वेष घेऊन आपल्या सोबत्यांनाच फसवितो, आणि शेवटीं शत्रु हातचा जातो व सोबत्यांचा विश्वासही जातो. पुढें तोच स्लेड चौघांच्या शरीरांत सूक्ष्म यंत्रें सोडून त्यांच्या प्राणांचा धाक घालतो व रॉबिनला आपला चेला करून घेतो. कारण सांगावें तर मित्र मरतील. न सांगावें तर मित्र त्याला द्रोही समजतील. तो न सांगणें पसंत करतो. चौघांना सत्य कळतें तेव्हां तो तींच यंत्रें स्वतःच्या शरीरांत घेतो आणि स्लेडला सांगतो कीं, आतां ते मेले तर तुझा चेलाही मेला. पहिल्या पर्वाचा हा शेवट पाहून आम्ही कांहीं वेळ गप्प बसलों.

त्या संध्याकाळीं गच्चीवर वाळवण गोळा करतांना पुतणीनें आपण होऊन आम्हांला एक गोष्ट सांगितली. नाशिकला तिची एक मैत्रीण होती; सहा वर्षें एका बांकावर बसणारी. नागपूरहून मार्चमध्यें दोन दिवस नाशिकला जाणें झालें, तेव्हां ही धांवत तिच्या शाळेच्या फाटकाशीं गेली. ती नव्या मुलींच्या घोळक्यांत बाहेर आली. कोणी विचारलें, "ही कोण?" ती म्हणाली, "अग, आमच्या शेजारीं राहायची." आणि घोळका पुढें गेला. एवढीच गोष्ट. सांगून झाल्यावर पुतणी म्हणाली, "काका, बाबांना सांगूं नका. कोणालाच सांगूं नका." आम्हीं मान हालविली.

त्याच रात्रीं आम्हीं बंधूंना फोन केला. हेतु चांगला होता. मुलीच्या अबोलपणाचें कारण बापाला कळलें पाहिजे, असें आम्हांला प्रामाणिकपणें वाटलें. बंधूंचाही हेतु चांगलाच होता. त्यांनीं सकाळीं त्या मैत्रिणीच्या आईला फोन केला. त्या माउलीचा हेतुही चांगलाच असणार. तिनें मुलीची खरडपट्टी काढली. दुपारच्या आंत त्या मुलीचा चार ओळींचा निरोप आमच्या पुतणीच्या मोबाइलवर आला. त्यांत काय होतें हें आम्हांला आजतागायत ठाऊक नाहीं. तिनें तो वाचला, मोबाइल पालथा ठेवला, आणि जेवण झाल्यावर नेहमींप्रमाणें माजघरांत जाऊन बसली. आम्हीही नेहमींप्रमाणें खुर्ची ओढली. ती नको म्हणाली असती तर बरें झालें असतें.

दुसऱ्या पर्वाचे दोन भाग मुकाट्यानें झाले. तिसरा लागला. त्यांत टेरा नांवाची एक मुलगी येते. जमीन व दगड हालविण्याची तिला शक्ति आहे, पण ती शक्ति तिच्या ताब्यांत नाहीं. मदतीला जाते आणि दरड कोसळविते, म्हणून गांवोगांव भटकते. बीस्ट बॉयला हें कळतें. ती त्याच्याकडून वचन घेते कीं, हें कोणालाही सांगणार नाहीस. तो वचन देतो आणि पाळतो. परंतु रॉबिन चतुर. तो आपल्या नजरेनेंच ओळखतो व तिला सहज म्हणतो कीं, शक्ति आवरावयास आम्ही तुला शिकवूं. टेराला वाटतें, ह्यानें सांगितलें. ती पळून जाते, आणि त्या एका गैरसमजांतून पुढचा सारा अनर्थ उद्भवतो.

पुतणी ही मालिका पूर्वीं दोनदां पाहून चुकली होती; पुढें काय होणार हें तिला पाठ होतें. भाग संपल्यावर ती आमच्याकडे न पाहतां म्हणाली, "बीस्ट बॉयनें सांगितलें नव्हतें, काका."

ह्या वाक्याला उत्तर नव्हतें. तोंड उघडलें तें तसेंच राहिलें. त्या क्षणीं कोणी आमचें चित्र काढलें असतें तर ओठांची थरथर, डोळ्यांतील खंत, असलें बारकाव्याचें काम करण्याची त्याला मुळींच गरज पडली नसती. वीतभर धड, मोठें डोकें, दोन टिंबें, आणि कपाळाशीं लिंबाएवढा थेंब एवढेंच पुरलें असतें. ओशाळलेला माणूस खरोखर तसाच दिसतो. तो आंखडतो, आणि त्याची लाज तेवढी मोठी होते. ज्या खुणेला आम्ही पोरखेळ म्हणत होतों ती निरीक्षणांतून निघालेली आहे, हें आम्हांला असें स्वतःच्या कपाळावर कळलें.

"चुकलें आमचें," एवढेंच आम्ही म्हणालों. हेतूविषयीं बोलावें असें एकदां जिभेवर आलें होतें; पण न बोलण्याइतकी अक्कल, उशिरां कां होईना, सुचली. तिनें कांहींच उत्तर दिलें नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं आमची खुर्ची तिच्या जवळ आधींच आणून ठेवलेली होती.

मालिकेनें आमचे कान उपटले म्हणून तिच्या उणिवांवर पांघरूण घालावें असें आम्हांला वाटत नाहीं. त्या आहेत, आणि पुतणीसमोर आम्हीं त्या बोलूनही दाखविल्या. एक तर, पासष्ट भागांपैकीं पुष्कळ भाग केवळ भरताड आहेत. तोच रस्ता, तींच कोसळणारीं घरें, कोणालाही न खरचटणें, आणि शेवटीं पिझ्झा. दुसरें, स्टारफायरवर झालेला अन्याय. इतरांना एकेक पर्व मिळालें. चौथ्यांत तर रेव्हन ही आपल्या राक्षस पित्याला ह्या जगांत आणणारें द्वार होणार, हें भविष्य ती मित्रांपासून लपवून ठेविते तो भाग फारच उंचीचा आहे. पण स्टारफायरच्या वांट्यास स्वतःचें पर्व आलें नाहीं. तिच्या वांट्यास आलें तें इंग्रजी बोलतांना चुकणें, व त्यावर इतरांचें हंसणें. परभाषेंत जन्म काढणाऱ्या कुटुंबांना त्या हंसण्यांतली सल सांगावयास नको. तिसरें, स्लेडचा खरा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाहीं. तो कोण, कोठला, मुलांच्याच मागें कां, ह्याचें उत्तर मिळत नाहीं. गूढ राखणें निराळें आणि हिशेब न देणें निराळें.

परंतु आमचा मुख्य आक्षेप उसनवारीविषयींच आहे, आणि तो असा कीं, ती पुरेशी नाहीं. जपानी चित्रकारांकडून ह्यांनीं थेंब घेतला, शीर घेतली, रेघा घेतल्या. जी चटकन् उचलतां येते ती वस्तु घेतली. त्यांची शांतता मात्र घेतली नाहीं. हायाओ मियाझाकी ह्यांच्या 'तोतोरो' ह्या 1988 च्या चित्रपटांत दोघी बहिणी पावसांत बसच्या थांब्यावर वडिलांची वाट पाहत उभ्या आहेत. पाऊस पडतो, धाकटीला झोंप येते, आणि कितीतरी वेळ दुसरें कांहींही घडत नाहीं. मुलें ह्या प्रसंगाला कंटाळत नाहींत. आम्हीं पाहिलें आहे. 'टीन टायटन्स'ला मात्र दोन मिनिटें कोणी कोणावर तुटून पडलें नाहीं तर धाकधूक होते. परक्याचे अलंकार घेतले आणि चाल घेतली नाहीं, कीं अलंकार वाजतात.

ह्याला अपवाद दोन. टेराची कथा हा पहिला. 1984 सालीं मूळ चित्रकथेंत टेरा ही पहिल्यापासून शत्रूची हेर होती; तिला पश्चात्ताप शिवला नाहीं, व ती स्वतःच्याच क्रोधांत गाडली गेली. मालिकेनें तिला दुबळी केली, स्लेडच्या नादीं लागूं दिली, मित्रांचा घात करूं दिला, आणि मग परत फिरविली. शेवटीं ती जागृत झालेला ज्वालामुखी रोखतांना स्वतः दगडाची मूर्ति होते, आणि ज्यांना तिनें दगा दिला तेच तिच्यापाशीं ती आपली खरी मैत्रीण असल्याची पाटी ठेवितात. अहल्येची कथा ऐकत वाढलेल्या आम्हांला हें परकें वाटलें नाहीं.

दुसरा अपवाद म्हणजे अगदीं शेवटचा भाग. पांच जण फार दिवसांनीं आपल्या शहरांत परत येतात तों शहर बदललेलें. आवडतीं दुकानें बंद झालेलीं. मूर्ति होती त्या जागीं मूर्ति नाहीं. आणि रस्त्यानें एक शाळकरी मुलगी चालली आहे, हुबेहूब टेरा. बीस्ट बॉय तिच्यामागें धांवतो, जुन्या जागा दाखवितो, जुन्या गमती सांगतो. ती सौम्यपणें, मग जरा कंटाळून, सांगते कीं, तुला वाटते ती मी नव्हे. ती खरोखर विसरली आहे कीं विसरणें तिनें पत्करलें आहे, हें मालिका सांगत नाहीं. तिकडे मित्र संकटांत आहेत. तो तिला शाळेच्या दारांत सोडून त्यांच्याकडे धांवतो, आणि मालिका तेथेंच संपते. त्या शेवटावर अनेक प्रेक्षक फार नाराज झाले. आम्हीही बोललों कीं, हा शेवट अर्धवट आहे. पासष्ट भाग पाहणाऱ्यास एवढें तरी सांगावयास हवें होतें.

पुतणी म्हणाली, "काका, तो अर्धवट नाहीं. तिला ओळख द्यायची नव्हती, एवढेंच. तो काय करणार? त्यानें विचारून पाहिलें ना."

आम्ही लिहिणारीं माणसें. शेवट कसा असावा ह्याविषयीं आम्हीं व्याख्यानें दिलीं आहेत. परंतु त्या दुपारीं आमच्याजवळ प्रतिवाद नव्हता. फाटकाशीं उभें राहून एकदां विचारून पाहिलेल्या मुलीला हा शेवट पुरा वाटला. तो आम्हांला अपुरा वाटला, कारण हिशेब चुकता झालेला पाहण्याची आम्हांला संवय. त्याच संवयीनें आम्हीं त्या रात्रीं फोन उचलला होता.

जूनच्या आरंभीं ती नागपुरास गेली. स्टेशनावर गाडी सुटतांना खिडकींतून म्हणाली, "टोकियोचा सिनेमा राहिला आहे. दिवाळींत पाहूं. तोपर्यंत एकटे पाहूं नका." आम्हीं मान हालविली, आणि ह्या वेळीं, वाचकहो, वचन पाळलें.

हा चित्रपट 2006 च्या सप्टेंबरमधला. मालिकेचा तो शेवटचा हप्ता. त्यांत पांचही जण जपानांत जातात. तेथें एक म्हातारा चित्रकार आहे. आपलीं चित्रें जिवंत व्हावींत ह्या हव्यासापायीं तो स्वतःच शाई होऊन गेला, आणि दुसरा एक जण त्याला छापखान्याच्या यंत्रांत अडकवून हवे ते राक्षस छापून काढीत आहे. कल्पना अशी कीं तिच्यावर चांगलें काव्य व्हावें. केलें तिचें धांवपळीचें प्रहसन. ज्या देशाच्या शाईवर मालिका पोसली त्या देशाला भेट द्यावयास गेल्यावर तिला तेथें दिव्यांच्या पाट्या आणि गर्दीच दिसली. चित्रपट सामान्य आहे. सौभाग्यवतींनींही तो पाहिला, आणि रॉबिन व स्टारफायर ह्यांचें एकदांचें जमलें एवढ्यावर त्या संतुष्ट झाल्या. पुतणी मध्यें चकल्या खात होती आणि सारखी बोलत होती. आम्हांला निम्मे संवाद ऐकूं आले नाहींत.